दोन रंगांचं विणकाम: पहिली वस्तू छोटी हवी, पण घेर छोटा नको

तुमचा प्रश्न नीट वाचला. दहा-बारा वर्षं स्वेटर, शाली, मोजे विणताय, जाळीच्या आणि वेण्यांच्या विणी हातात बसलेल्या आहेत, पण एकाच फेरीत दोन रंग घेऊन नक्षी काढायची ही पहिलीच वेळ. ‘सुरुवात छोट्या वस्तूने करा’ असं सगळे सांगतात म्हणून मनगटपट्ट्या घेतल्यात. मोज्यांच्या सुयांवर ४० टाके घातले, कड छान झाली, आणि नक्षी सुरू झाल्यावर पट्टी इतकी आक्रसली की हात मुठीपाशीच अडकतो. उजेडात धरली की नक्षीवर खळगे दिसतात. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय: सपाट विणून बाजूने शिवली तर जमेल का, दोन्ही हातांत एकेक धागा धरायला शिकावंच लागेल का, आणि ॲक्रिलिक लोकर घेतली ही चूक झाली का.

तिन्हींची उत्तरं पुढे देतेच. पण तुमची खरी अडचण या तिन्हींत नाही, असं मला वाटतं. मनगटपट्टी एकदा उलटी करा. आतल्या बाजूला आडवे धागे दिसतील; जो रंग त्या क्षणी विणला जात नाही, तो टाक्यांच्या मागून पुढे जातो, तेच हे धागे. एखाद्या धाग्याखाली सुईचं टोक घालून तो हलकेच उचलून बघा. तो वीणेला सैलसर टेकलेला असेल तर ठीक. ताठ असेल, उचलताना पुढचे टाकेही ओढले जात असतील, तर तो आखूड पडलाय. दोन रंगांचं विणकाम बिघडतं ते दहातल्या नऊ वेळा इथेच. टाके तुम्हाला येतात, रंग बदलताही येतात. शिकायचा आहे तो फक्त हा मागचा धागा पुरेसा सोडायचा अंदाज. आणि हा अंदाज मनगटाएवढ्या घेरावर शिकणं सगळ्यात अवघड असतं. सल्ला चांगल्या मनाने दिला गेला, पण तो अर्धाच होता. पहिली वस्तू छोटी हवी ती उंचीला. घेर मोठाच घ्यायचा.

असं का, ते सांगते. साध्या सुलट वीणेची नळी भरपूर ताणली जाते, कारण प्रत्येक टाका हा एक वळसा असतो आणि ओढला की तो पसरतो. मागचा धागा मात्र सरळ रेष असतो. सरळ रेषेला पसरायला जागा नसते. म्हणजे नक्षीचा भाग जास्तीत जास्त किती ताणला जाईल, हे पुढचे टाके ठरवत नाहीत, मागचे धागे ठरवतात. त्यात नळी विणताना हे धागे आतल्या बाजूला असतात आणि आतला घेर बाहेरच्यापेक्षा नेहमीच कमी. दोन थरांत दोन मिलिमीटरचं अंतर धरलं, तर आतला घेर साधारण सव्वा सेंटिमीटरने कमी भरतो. ही घट घेर कितीही असला तरी तेवढीच असते. पण ५३ सेंटिमीटरच्या टोपीत सव्वा सेंटिमीटर म्हणजे शेकडा अडीचही नाही, आणि २० सेंटिमीटरच्या मनगटपट्टीत तेच शेकडा सहा. शिवाय मनगटपट्टीला हाताचा सगळ्यात रुंद भाग ओलांडून जायचं असतं, म्हणजे ताणायची गरजही तिथेच सगळ्यात जास्त. त्यात मोज्यांच्या तीन सुयांचे तीन कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर धागा वळसा न घेता जवळच्या वाटेने सरळ जातो आणि तिथे हमखास आखूड पडतो. शिकणाऱ्याच्या वाट्याला या सगळ्या अडचणी एकदम येतात आणि तिला वाटतं, आपल्याला जमतच नाही.

हे मी अनुभवाने सांगते. माझं या प्रकारातलं पहिलं काम म्हणजे बाळाचे हातमोजे. छोटे आहेत, दोन दिवसांत होतील, असा हिशेब होता. ते झाले, वरून सुरेखही दिसले, पण बाळाची बोटं आतल्या धाग्यांत अडकायची. एकदा अंगठा अडकून ते रडायला लागलं, तेव्हापासून बाळाच्या हातापायांसाठी असे लांब मोकळे धागे मी ठेवतच नाही. तेव्हापासून शिकवतानाही पहिली वस्तू म्हणून मी मोठ्या माणसाची टोपी देते. मध्ये एक पट्टी नक्षीची, बाकी सगळं साधं. कानांवरून घ्यायची रुंद पट्टीही चालते, पण तिच्या दोन्ही कडा गुंडाळल्या जाऊ नयेत म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागते. टोपीला ती कटकट नाही.

आता सपाट विणून शिवण्याबद्दल. करता येतं, पण तुमचं काम सोपं होण्याऐवजी अवघड होईल. सपाट विणताना दर दुसरी सुई, म्हणजे ओळ, उलट टाक्यांची येते. तेव्हा मागचे धागे तुमच्या बाजूला आणि नक्षी पलीकडे, म्हणजे काय चाललंय ते दिसत नाही. आलेख, म्हणजे चौकटींवर काढलेली नक्षी, एक सुई उजवीकडून आणि एक सुई डावीकडून वाचावा लागतो. दोन धाग्यांनी उलट टाके घालताना बहुतेकांचा हात सुलटपेक्षा वेगळा पडतो आणि नक्षीत पट्टे उमटतात. गोल विणलं की प्रत्येक फेरी सुलट, नक्षी कायम डोळ्यांसमोर, आणि आलेख नेहमी उजवीकडून डावीकडे, खालून वर.

ज्या प्रदेशावरून या विणकामाला आपण ‘फेअर आयल’ म्हणतो, तिथल्या बायकांनी यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधलं एक लहानसं बेट. १९२० च्या दशकात तेव्हाच्या ब्रिटिश युवराजांनी गोल्फ खेळताना तिथल्या नक्षीचा स्वेटर घातला आणि ही शैली सगळीकडे पोचली. शेटलंडच्या भागात पुढून उघडणारा स्वेटरसुद्धा आधी बंद नळीसारखा गोल विणतात, मध्ये काही जादा टाके ठेवतात, आणि शेवटी त्या टाक्यांच्या मधोमध चक्क कात्री चालवून तो उघडतात. तिथली लोकर केसाळ, एकमेकींना धरून राहणारी, त्यामुळे कापलेली कड सहज सुटत नाही. हाताने विणलेल्या कापडावर कात्री चालवायची त्यांची तयारी आहे, पण दोन रंगांत उलट सुया विणायची नाही. यावरून गोल विणण्याची सोय किती मोठी, ते लक्षात येईल.

त्यांचाच दुसरा नियमही सुरुवातीला पाळावा: एका फेरीत दोनच रंग. त्यांचे स्वेटर आठ-दहा रंगांचे दिसतात, पण कुठलीही एक फेरी बघा, दोनच सापडतील. रंग फेरीगणिक बदलतात.

आता दोन्ही हातांत धागा धरण्याबद्दल. गरज नाही. याचं उत्तर तुमच्या आत्ताच्या सवयीवर अवलंबून आहे. तुम्ही बहुधा उजव्या हाताने धागा सुईवर टाकून विणत असाल. मग दोन्ही रंग उजव्या हाताने, लागेल तो उचलून आणि नको तो सोडून, विणायला काहीच हरकत नाही. हळू होतं, पण शिकताना ते फायद्याचंच असतं. क्रोशे करत असाल तर डाव्या हाताला धागा धरायची सवय आहेच. मग एक रंग डावीकडे आणि एक उजवीकडे घ्या, चार-पाच फेऱ्यांत लय सापडेल. मी स्वतः दोन्ही हात वापरते. माझ्याकडे शिकलेल्यांपैकी एक बाई अजून एकाच हाताने विणतात आणि त्यांची आतली बाजू माझ्यापेक्षा नीटस असते.

पण एक गोष्ट दोन्ही पद्धतींत सारखी पाळायची: एक रंग कायम वरून घ्यायचा आणि दुसरा कायम खालून. मध्येच अदलाबदल नको. याचे दोन फायदे. पहिला उघड आहे, धागे एकमेकांत पिळत नाहीत आणि गुंडे सारखे सोडवत बसावं लागत नाही. दुसरा पटकन दिसत नाही. जो धागा खालून येतो त्याला टाक्यापर्यंत पोचायला किंचित जास्त अंतर पडतं, त्यामुळे त्याचे टाके जरासे मोठे होतात आणि तो रंग उठून दिसतो. म्हणून नक्षीचा रंग खालून, पायाचा (पार्श्वभूमीचा) रंग वरून. दोन्ही हातांनी विणत असाल तर डाव्या हातातला धागा आपोआप खालून जातो, म्हणजे नक्षी डावीकडे. मधेच बदल झाला तर तेवढ्याच फेऱ्यांत नक्षी फिकी पडल्यासारखी दिसते आणि कारण काही केल्या सापडत नाही. रोज विणायला बसताना कुठला रंग खालून चाललाय, ते आधी बघून घ्यायचं.

लोकरीबद्दल. ॲक्रिलिक ही चूक नव्हे, पण पहिल्या वेळी खरी लोकर मिळत असेल तर ती घ्या. ती थोडी केसाळ असते, शेजारच्या टाक्यांना धरून राहते, आणि विणून धुतल्यावर टाके आपापल्या जागी बसतात. लहानसहान उंचसखलपणा धुण्यातच निघून जातो. ॲक्रिलिकमध्ये हे जवळजवळ होत नाही. सुईवरून जसं उतरलं तसंच राहतं. मशिनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर दोन्हींच्या मध्ये येते. ती गुळगुळीत असते, टाके सरकतात. अंगाला खरी लोकर टोचत असेल किंवा मिळतच नसेल तर ॲक्रिलिकनेच शिका, फक्त चकचकीत, सुळसुळीत नको.

जाडी मध्यम घ्या, ज्या गुंड्याच्या लेबलावर साडेचार ते पाच मिलिमीटरची सुई लिहिलेली असते ती. बारीक लोकरीत नक्षी देखणी होते, पण चूक डोळ्यांना लवकर दिसत नाही. दोन्ही रंगांची जाडी आणि जात एकच असू द्या. पायाच्या रंगाची १०० ग्रॅम आणि नक्षीच्या रंगाची २५ ग्रॅम लोकर पुरून उरते.

रंग निवडताना दोन रंग वेगळे आहेत एवढंच पुरत नाही. एक गडद आणि एक फिका हवा. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की डोळ्यांना अगदी वेगळे दिसतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर विणल्यावर नक्षी एकमेकांत मिसळून जाते. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून फोनने कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही सारख्याच करड्या छटेचे दिसले तर त्यातला एक बदला. गडद लाल, निळा किंवा काळा पांढऱ्याबरोबर घेणार असाल तर त्या धाग्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. आत्ता रंग लागला तर धुताना पांढऱ्याला लागणारच.

आता टोपी. साधारण ५६ सेंटिमीटर डोक्यासाठी सांगते. एकरंगी टोपी मी डोक्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर कमी घेराची करते, पण नक्षीचा भाग कमी ताणला जातो, म्हणून इथे तीनच सेंटिमीटर कमी, म्हणजे ५३. नक्षीत दहा सेंटिमीटरला १८ टाके बसले तर ९६ टाक्यांत हा घेर मिळतो. ९६ हा आकडा मुद्दाम निवडलाय. त्याला २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे पुढे नक्षी बदलावीशी वाटली तरी टाके बदलावे लागत नाहीत.

सुया गोल, केबलसकट ४० सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे कोपरे उरत नाहीत. माप मात्र तुमच्या हातावर अवलंबून आहे. साधारणपणे कडेला चार मिलिमीटर, साध्या भागाला साडेचार आणि नक्षीला पाच. दोन रंगांत बहुतेकांचा हात आवळतो, म्हणून नक्षीला एक माप मोठी सुई. तुमचा हात मुळातच सैल असेल तर नक्षी साडेचारवरच करून बघा. माप बघायला आधी छोटा नमुना विणायचा तर तोही गोलच विणायला हवा, सपाट तुकड्याचं माप इथे लागू पडत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मी वेगळा नमुना विणायला सांगत नाही. नक्षीच्या पाच फेऱ्या झाल्या की टेपने मोजा. दहा सेंटिमीटरला २० टाके भरले तर टोपी ४८ सेंटिमीटरची होईल, ती मुलाला द्या किंवा नक्षीपर्यंत उसवून मोठी सुई घ्या. पाच फेऱ्या उसवणं म्हणजे फार नुकसान नाही.

पायाच्या रंगाने ९६ टाके घाला, पीळ पडला नाही ना ते बघून गोल जोडा, सुरुवातीला खूण अडकवा. एक सुलट एक उलट अशी पाच सेंटिमीटर कड. मग साडेचारच्या सुईवर दोन फेऱ्या सुलट, मग पाचची सुई आणि नक्षी. नक्षी चार टाक्यांची आहे, फेरीत २४ वेळा येते:

फेरी १: १ नक्षी, १ पाया.
फेरी २: सगळी पाया.
फेरी ३: १ नक्षी, ३ पाया.
फेरी ४: २ नक्षी, १ पाया, १ नक्षी.
फेरी ५: तिसरीसारखी.
फेरी ६: सगळी पाया.
फेरी ७: २ पाया, १ नक्षी, १ पाया.
फेरी ८: १ पाया, ३ नक्षी.
फेरी ९: सातवीसारखी.
फेरी १०: सगळी पाया.
फेरी ११ ते १३: तिसरी ते पाचवीसारख्या.
फेरी १४: सगळी पाया.
फेरी १५: पहिलीसारखी.

विणल्यावर अधिकच्या चिन्हांच्या तीन रांगा दिसतील, मधली रांग अर्ध्या घराने सरकलेली, आणि वर-खाली ठिपक्यांची एकेक ओळ. ही नक्षी मी का दिली ते सांगते. यात कुठलाच रंग सलग तीन टाक्यांपेक्षा जास्त वेळ मागे राहत नाही. तीन टाके म्हणजे या जाडीत पावणेदोन सेंटिमीटरही नाही. त्यामुळे मागचा धागा मध्येच अडकवून घ्यायची गरजच पडत नाही आणि एक अख्खी गोष्ट शिकायची पुढे ढकलता येते. पुढच्या कामात अडीच सेंटिमीटरपेक्षा लांब धागा आला तर तो मध्ये एकदा विणत्या धाग्याखाली अडकवायचा, आणि लागोपाठच्या फेऱ्यांत त्याच जागी नको, नाहीतर तो रंग पुढून डोकावतो. तारे, हरणं, झाडं असल्या मोठ्या नक्ष्या दिसतात मोहक, पण त्यांत धागे लांबच लांब असतात. त्या दुसऱ्या-तिसऱ्या कामाला ठेवा. मध्ये मध्ये साध्या फेऱ्या ठेवल्यात त्या हाताला विश्रांती म्हणून आणि चूक तपासायला. एखादं चिन्ह सरकलं असेल तर तिथेच कळतं, दहा फेऱ्यांनंतर नाही. शक्य असेल तर दर बारा टाक्यांवर एक खूण अडकवा, म्हणजे प्रत्येक खुणेत नक्षी तीनदा. मोजणी चुकली तर बारा टाक्यांतच शोधायची, शहाण्णवात नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप ती गोष्ट: मागचा धागा सैल सोडायचा कसा. नुसतं ‘सैल सोडा’ म्हटल्याने कुणालाही जमत नाही. मी शिकवताना एकच हालचाल पक्की करून घेते. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवर आत्ताच विणलेले टाके बोटांनी हलकेच पसरायचे, टोपीत जसे मोकळे राहणार आहेत तसे. मग नवा रंग घेऊन पहिला टाका विणायचा. टाके सुईच्या टोकाशी गोळा झालेले असताना रंग बदलला तर मागचा धागा त्या गोळा झालेल्या अंतराएवढाच येतो, आणि टाके पसरले की तो त्यांना पुन्हा ओढतो. तुमच्या मनगटपट्टीवरचे खळगे यातूनच आले आहेत. नवा टाका विणून झाल्यावर धागा खेचायची सवय असते, तेवढी मोडायची. पहिले दोन दिवस दर तीन-चार टाक्यांना हे पसरणं मुद्दाम करावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात आपोआप करतो.

एवढं करूनही धागे आखूड येत असतील तर टोपी उलटी करून विणा. म्हणजे नळीची आतली बाजू बाहेर काढायची आणि सुया तुमच्यापासून लांबच्या कडेला ठेवून, नळीच्या आतून नक्षीकडे बघत नेहमीसारखेच सुलट टाके विणायचे. आता मागचे धागे नळीच्या बाहेरच्या बाजूला आले. त्यांना मोठा घेर फिरावा लागतो, म्हणून ते आपसूकच लांब पडतात. मघाशी सव्वा सेंटिमीटर कमी पडत होता, तो आता जास्त मिळतो. पहिल्या दहा मिनिटांत विचित्र वाटतं, मग सवय होते. मागचे धागे नळीच्या बाहेर ठेवून विणणं ही काही नवी युक्ती नाही. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचं बेट आहे, तिथले पुरुष बारीक नक्षीच्या टोप्या विणतात. २००५ साली युनेस्कोने त्या बेटाच्या वस्त्रकलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. त्या अँडीज भागात धागा मानेमागून घेऊन, उलट बाजू स्वतःकडे ठेवून, उलट टाक्यांनी विणायची रीत आहे. मागचे धागे विणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात.

धागे जास्त सैल झाले तर? त्याची भीती बाळगू नका. पुढचा टाका मोठा, ढिला दिसला तर आतून सुईने तो जादा धागा शेजारच्या चार-पाच टाक्यांत थोडा थोडा वाटून देता येतो. आखूड धागा मात्र नंतर लांब करता येत नाही, धुतल्यावर अगदी थोडी सवलत मिळते, बाकी उसवणं. चुकायचंच असेल तर सैलाच्या बाजूला चुका.

फेरीच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या ओळीत किंचित पायरी दिसेल. गोल विणकाम जिन्यासारखं चढत जातं, त्यामुळे फेरीचा शेवट आणि सुरुवात एका पातळीवर येत नाहीत. ती बाजू टोपीच्या मागे घ्या आणि विसरून जा.

नक्षी संपली की नक्षीचा धागा वीतभर ठेवून कापा आणि पुन्हा साडेचारच्या सुईवर या. हे विसरू नका. पाचवरच राहिलात तर साधा भाग नक्षीपेक्षा ढगळ होऊन टोपीला कंबर आल्यासारखी दिसते. कडेपासून एकूण १४ सेंटिमीटर उंची होईपर्यंत साधं विणा. मग माथा: दहा टाके सुलट, पुढच्या दोनांचा एक, असं फेरीभर आठदा. पुढची फेरी साधी. प्रत्येक घटीच्या फेरीत दोनाचा एक करण्याआधीचे टाके एकेकाने कमी होत जातील. अशा पाच घटीच्या फेऱ्या एकाआड एक, मग ५६ टाके उरले की पाच घटीच्या फेऱ्या लागोपाठ, १६ टाके राहतील. शेवटी सगळ्या दोनांचे एक, आठ टाके. धागा कापून त्या आठांतून ओवून घट्ट ओढा. माथा अरुंद झाला की ४० सेंटिमीटरची सुई पुरत नाही, तिथे मोज्यांच्या सुया घ्या. तिथे रंग एकच असल्याने कोपऱ्यांचा त्रास नाही.

मग धुणं. नक्षीच्या कामात याला मी अर्धं विणकामच मानते. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून वीस मिनिटं भिजत ठेवा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि डोक्याच्या मापाच्या पालथ्या भांड्यावर किंवा फुगवलेल्या फुग्यावर घालून सावलीत वाळवा. खऱ्या लोकरीच्या टोपीत धुण्याआधीचा आणि नंतरचा फरक बघण्यासारखा असतो. सुईवर असताना वेडेवाकडे दिसणारे टाके ओळीत येऊन बसतात. म्हणून सुईवर असताना नक्षी कशी दिसते यावरून निराश होऊ नका. ॲक्रिलिक असेल तर इस्त्री न टेकवता दुरून थोडी वाफ द्या, जपून, कारण जास्त वाफेने ते कायमचं लुळं पडतं.

तुमची आत्ताची मनगटपट्टी लगेच उसवू नका, हे मात्र आग्रहाने सांगते. टोपी विणताना ती शेजारी उलटी करून ठेवा. नक्षीच्या पाच फेऱ्या झाल्या की टोपीचीही आतली बाजू बघा आणि दोन्हींतल्या धाग्यांखाली सुई घालून फरक हाताला जाणवतो का ते पाहा. जाणवला तर पुढे चला. नाही जाणवला तर टोपी उलटी करून विणायला घ्या. टोपी धुऊन वाळली की मनगटपट्ट्यांसाठी पुन्हा टाके घाला, पण या वेळी ४० ऐवजी ४८ टाके, नक्षीला एक माप मोठी सुई आणि हीच चार टाक्यांची नक्षी. मोज्यांच्या सुया चारऐवजी पाचच्या संचातल्या वापरल्यात तर कोपरे कमी टोकदार होतात. कोपऱ्यावरचे दोन-तीन टाके पसरून मगच पुढच्या सुईवर जायचं, तिथे घाई नको.

टोपी झाली की फोटो जरूर दाखवा, आणि शक्य असेल तर आतल्या बाजूचाही काढा. आतली बाजू बघितली की धागे कुठे ताठ पडले, कुठे नेमके सुटले, ते मला ओळीओळीने सांगता येईल.